फियानोच्या हंगामासाठी अवेलिनोला येताय? त्याआधी एवढं समजून घ्या

नाशिकच्या वाइनरीत सेलरचं काम केलेलं आहे, आता दक्षिण इटलीत कांपानियातल्या अवेलिनोजवळ हंगामासाठी यायचंय, असं तुम्ही लिहिलंय. विचारलंय ते तीन गोष्टींबद्दल: कागदपत्रं, इथल्या कामातला फरक, आणि फियानो या द्राक्षाची पांढरी वाइन लोक दहा-पंधरा वर्षं ठेवतात ती टिकते कशी. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर कळलं की दुसरा निम्मा सुटतो. म्हणून कागदपत्रं आधी उरकू.

हंगामी कामाच्या परवानगीचा (नुल्ला ओस्ता) अर्ज तुम्ही नाही, इथला मालक करतो. ती हातात आल्यावर मुंबईच्या इटालियन वकिलातीकडे व्हिसा मागायचा. इटलीत उतरल्यावर आठ कामाच्या दिवसांत निवास परवान्याची प्रक्रिया सुरू करावी लागते. ही मुदत चुकवू नका. हंगामी परवाना बारा महिन्यांत जास्तीत जास्त नऊ महिन्यांचा मिळतो. परवानगी काढून देतो म्हणून कामगाराकडून लाखांनी पैसे मागणारे दलाल आहेत. असा माणूस भेटला तर तिथेच थांबा, आणि मालकाशी थेट बोलता येत नसेल तर येऊ नका. करार लेखी घ्या आणि दर महिन्याला पगारपत्रक (बुस्ता पागा) मागा. बागा डोंगरात विखुरलेल्या आहेत, गावांना बस कमी, त्यामुळे निघण्यापूर्वी आरटीओतून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढून आणा. पुढे शिकायचा विचार असेल तर नेपल्सच्या फेदेरिको द्वितीय विद्यापीठाचा द्राक्षशेती आणि वाइननिर्मितीचा पदवी अभ्यासक्रम अवेलिनोतच चालतो. तो इटालियनमधून शिकवतात, तेव्हा भाषेची सुरुवात आजच करा.

वेळेचं गणित तुमच्या बाजूचं आहे. नाशिकची वाइन द्राक्षं साधारण जानेवारी ते मार्च खुडली जातात, फियानो सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. एका वर्षात दोन्ही हंगाम जमतात. ऑगस्टच्या शेवटी पोहोचा, म्हणजे टाक्या धुणं, पंप आणि प्रेस (द्राक्षं पिळायचं यंत्र) तपासणं यातून वाइनरी ओळखीची होते.

आता द्राक्षाबद्दल. फियानो हे या डोंगराळ भागाचं, इर्पिनियाचं, जुनं वाण. तेराव्या शतकात सम्राट फ्रेडरिक दुसरा याच्या नोंदवहीतही फियानो वाइनच्या खरेदीचा उल्लेख सापडतो. विसाव्या शतकात ते जवळजवळ संपलं होतं. दुसऱ्या महायुद्धानंतर अत्रिपाल्दाच्या आन्तोनिओ मास्त्रोबेरारदिनो यांनी ते पुन्हा उभं केलं. १९७८ मध्ये ‘फियानो दि अवेलिनो’ या वाइनला डीओसी (ठरलेल्या भागातल्या, ठरलेल्या नियमांच्या वाइनचा इटालियन दर्जा) आणि २००३ मध्ये त्याहून वरचा डीओसीजी दर्जा मिळाला. नियमानुसार ‘फियानो दि अवेलिनो’त किमान ८५ टक्के फियानो हवं आणि उत्पादन हेक्टरी १० टनांच्या वर नको, म्हणजे एकरी साधारण चार टन. चांगले उत्पादक याहून कमीच घेतात.

मणी लहान, साल जाड, रस कमी. कमी रसाची तक्रार करू नका, कारण याच मण्यात चव दाटलेली असते. मात्र जाड सालीमुळे प्रेसमध्ये जरा जोर जास्त झाला की कडवट, तुरट भाग रसात उतरतो. बागा बहुतेक ३०० ते ६५० मीटर उंचीवर आहेत. ऑक्टोबरात दिवसा ऊन आणि रात्री चांगलाच गारवा असतो, त्यामुळे द्राक्ष पिकतं तरी आम्लता टिकते. खुडताना ब्रिक्स (रसातल्या साखरेचं माप) २१ ते २३ आणि रसाचा पीएच (जितका कमी तितका रस आंबट) ३.१ ते ३.३ च्या आसपास मिळतो.

या पीएचवरच सगळं उभं आहे. पांढऱ्या वाइनमध्ये जंतू आणि ऑक्सिजन आवरायला लिटरमागे ०.८ मिलिग्रॅम आण्विक सल्फर डायऑक्साइड, म्हणजे त्याचा प्रत्यक्ष काम करणारा भाग, हवा असं धरा. पीएच ३.२ असेल तर त्यासाठी लिटरमागे सुमारे २० मिलिग्रॅम मुक्त सल्फर (वाइनमधल्या इतर घटकांशी न जोडला गेलेला सल्फर डायऑक्साइड) पुरतो; ३.६ असेल तर सुमारे ५० लागतो. उन्हाच्या तडाख्यात पिकलेल्या नाशिकच्या रसात पीएच चढतो, सल्फर जास्त घालावा लागतो, आणि तरीही वाइन लवकर थकते. म्हणून तिथे वर्षभरात विकायची घाई असते, आणि ती चुकीचीही नाही. इथे ती घाई सेलरबाहेर ठेवून या.

खुडणी हाताने, १८-२० किलोच्या क्रेटमध्ये करतात, शक्यतो सकाळी. इर्पिनियात पाऊस भरपूर पडतो. ओला घड आला तर कुजका भाग कात्रीने काढून टाका, कारण कुजलेल्या द्राक्षातलं लॅकेज हे विकर रस तपकिरी करतं आणि सल्फरलाही सहज दाद देत नाही. माल थंड करून प्रेसला जातो. दाब हळूहळू वाढवायचा, आणि प्रेसमधून येणारा शेवटचा रस वेगळ्या टाकीत घ्यायचा. तो चांगल्या रसात मिसळायचा की नाही हे चव घेऊन ठरतं, टाकीत जागा आहे म्हणून नव्हे. रस ८-१२ अंशांवर साधारण २४ तास निथळू द्यायचा. फार स्वच्छ रसात यीस्टचं काम मध्येच अडकतं, फार गढूळ रसात उग्र वास येतो. १०० ते १५० एनटीयू (गढूळपणाचं एकक) ही सोयीची मर्यादा. पुढे १५ ते १८ अंशांवर दोन-तीन आठवडे किण्वन चालतं.

टिकाऊपणाचा खरा निकाल किण्वन संपल्यावर लागतो. एकदा जाड गाळ काढला की वाइन सूक्ष्म गाळावर (फेच्चे फिनी) महिनोन्महिने ठेवतात, अनेक ठिकाणी पुढच्या उन्हाळ्यापर्यंत. मेलेल्या यीस्टचा हा गाळ वाइनमध्ये विरघळलेला ऑक्सिजन खातो आणि तोंडाला भरदारपणा देतो. सुरुवातीला आठवड्यातून एकदा हलक्या हाताने ढवळायचं, नंतर दोन-तीन आठवड्यांतून एकदा. इथे दोन चुका सर्वाधिक होतात. पहिली, टाकी अर्धवट भरलेली ठेवणं: वरच्या मोकळ्या जागेत नायट्रोजन किंवा अर्गॉन नसेल तर दर ढवळण्याबरोबर हवा आत जाते आणि तीन वर्षांनी बाटलीत सोललेल्या सफरचंदाचा थकलेला वास येतो. दुसरी, गाळ जाड राहू देणं: मग कुजक्या अंड्याचा वास येतो. लगेच तांबं घालू नका. आधी रॅकिंग करा, म्हणजे वाइन गाळावरून काढून दुसऱ्या टाकीत घ्या, बहुतेक वेळा तेवढ्यानेच वास जातो. तांबं हा शेवटचा उपाय, कारण उरलेलं तांबं पुढे ऑक्सिडेशनला मदत करतं. युरोपियन मर्यादा लिटरमागे १ मिलिग्रॅम आहे. मॅलोलॅक्टिक किण्वन (जिवाणूंमुळे होणारं, आम्लता सौम्य करणारं दुसरं किण्वन) इथे बहुधा होऊ देत नाहीत. त्यासाठी टाकी थंड आणि सल्फर नेमका ठेवायचा.

बाटलीबंद करताना विरघळलेला ऑक्सिजन लिटरमागे १ मिलिग्रॅमच्या खाली ठेवायचा. नळी, फिल्टर आणि बाटली तिन्हींत आधी नायट्रोजन सोडायचा. महिनोन्महिने जपलेली वाइन एका दुपारी बिघडते ती इथेच, तेव्हा कोणी घाई केली तरी मीटर बघा.

जिवाची काळजीही इथेच सांगतो. २०० ग्रॅम साखरेचा एक लिटर रस आंबताना पन्नासेक लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. तो जड असतो, तळघरात आणि टाकीत साचतो. हवेतल्या वायूचं मोजमाप केल्याशिवाय आणि बाहेर दुसरा माणूस असल्याशिवाय टाकीत कधीही उतरू नका, मालकाने सांगितलं तरी.

गावागावात फरक आहे आणि तो चाखून लक्षात ठेवण्यासारखा आहे. लापिओची चिकणमाती वाइनला भरदार करते, मोन्तेफ्रेदानेच्या वाइनला ताठ कणा असतो, उंचावरच्या सुमोन्तेची वाइन धारदार आणि धुरकट. पहिल्या दोन वर्षांत फियानो बहुतेक मिटलेला असतो: नाशपती, लिंबूवर्गीय फळ, थोडी फुलं. चार-पाच वर्षांनी भाजलेलं हेझलनट, मध आणि धूर वर येतात. चांगल्या गावची, नीट ठेवलेली बाटली पंधरा वर्षंही सहज जाते. शेजारच्या भागातली ग्रेको दि तुफो ही पांढरी वाइन याहून जास्त आम्ल आणि तुरट असते, तिचा रस हवेत लवकर तपकिरी होतो, म्हणून तिथे प्रेसवर दुप्पट लक्ष हवं.

घरी बाटली न्यायची असेल तर भारतात येणाऱ्या प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य सीमाशुल्काशिवाय आणता येतं, म्हणजे ७५० मिलिलिटरच्या दोन बाटल्या. पण मे महिन्यातल्या नाशिकच्या कपाटात पाच वर्षं ठेवायचा बेत असेल तर नेऊ नका. १२ ते १४ अंशांची स्थिर जागा नसेल तर आधीच पिकलेली, सात-आठ वर्षं जुनी बाटली घ्या आणि महिन्याभरात संपवा. उघडल्यावर तासभर थांबा आणि १२ अंशांवर वाढा. थेट फ्रिजमधून काढलेल्या जुन्या फियानोला वासच लागत नाही.