मते पटत नाहीत, काम पटते

प्रश्न : एका रुग्णसेवा संस्थेला मी काही वर्षांपासून नियमित देणगी देते. तिचे काम उत्तम आहे; परंतु यंदा पावतीसोबत तिच्या धार्मिक भूमिकेचा प्रचार करणारे पत्रक आले आणि त्यातली मते मला मुळीच पटली नाहीत. देणगी थांबवावी का?

उत्तर : देणगी देताना आपण पैशांबरोबर विश्वासही देतो, त्यामुळे तुमची अस्वस्थता रास्त आहे. मात्र केवळ पत्रकावरून निर्णय घेऊ नका. रुग्णाच्या खाटेपाशी काय घडते ते पाहा. औषधाआधी प्रार्थनेची अट घातली जाते का? परधर्मीयाला मागे ठेवले जाते का? आपत्तीतील मदतकार्यासाठी रेडक्रॉस चळवळ आणि स्वयंसेवी संस्थांनी १९९४ मध्ये स्वीकारलेल्या आचारसंहितेनुसार मदत गरज पाहूनच द्यायची असते आणि राजकीय वा धार्मिक भूमिका पुढे रेटण्यासाठी ती वापरायची नसते. हीच कसोटी इथेही लावावी, असे मला वाटते.

‘केवळ औषधांसाठी’ असे नमूद करून देणगी देता येते, पण त्याने प्रश्न पुरता सुटत नाही, कारण तुमच्या पैशांतून औषधे आली की संस्थेचे स्वतःचे तेवढेच पैसे पत्रके छापायला मोकळे होतात. म्हणून वार्षिक हिशेब मागवून प्रचारावरचा खर्च पाहा. तो किरकोळ असेल आणि भेदभाव होत नसेल, तर तुमच्या जागी मी देणगी चालू ठेवीन आणि आक्षेप लेखी कळवीन. रुग्णाला अट घातली जात असेल, तर मात्र तेच काम विनाअट करणारी दुसरी संस्था शोधा.