मोठी संख्या फोडताना आधी काय पाहायचं

भाऊ, जिनिंगच्या काटापावतीवरचा २५८२५८ फोडायला घेतलास, म्हणजे मूळ संख्यांच्या (१ पेक्षा मोठ्या, अन् ज्यांना फक्त १ ने आणि स्वतःनेच भाग जातो अशा) गुणाकारात मांडायला घेतलास, बेस केलंस. पण लगेच भागाकार मांडू नको. आधी संख्या न्याहाळ.

शेवटी ८, म्हणजे २ ने भाग जातो. अंकांची बेरीज ३०, म्हणून ३ ने जातो, ९ ने नाही. आणि २५८ दोनदा आलाय, दिसलं का? तेच तीन अंक लागोपाठ आले की संख्या १००१ च्या पटीत असते, अन् १००१ म्हणजे ७ × ११ × १३. उरलेले २५८ म्हणजे २ × ३ × ४३. झाली फोड! मला हे पहिल्यांदा उमगलं, तेव्हा कापसाची गाडी रिकामी होईस्तोवर मी पावतीच्या पाठीवर आकडे मांडत होतो.

नव्या माणसाच्या हमखास चुका:
- १ ला मूळ संख्या धरणं.
- ९१ मूळ वाटते म्हणून सोडणं. ती ७ × १३ आहे.
- वर्गमुळाच्या पुढेही भागत बसणं. ९९७ साठी ३१ पर्यंतच्या मूळ संख्या पुरतात.

चुकलास तर खचू नको. ४२९४९६७२९७ ही फर्मा या फ्रेंच गणितज्ञाला मूळ वाटली होती. ऑयलर या स्विस गणितज्ञाने १७३२ मध्ये ६४१ ने भागून दाखवली.

बाकीचे प्रमेय सध्या राहू दे. सातबाऱ्यावरचा गट नंबर घे, रोज एक फोड.