दंड भरला, निकाल मात्र तसाच राहिला

प्रश्न : स. न. वि. वि.

शिक्षणासाठी ओहायो स्टेट विद्यापीठात आलो आणि पुढे कोलंबसमध्येच स्थायिक झालो. येथे नोव्हेंबरच्या अखेरीस मिशिगनविरुद्धचा अमेरिकन फुटबॉलचा सामना असतो. त्या आठवड्यात विद्यापीठाच्या आवारातील पाट्यांवर जिथे जिथे ‘एम’ हे अक्षर दिसेल, तिथे तिथे लाल चिकटपट्टीची फुली मारली जाते. विद्यार्थी असताना मीही शिडीवर चढून त्या फुल्या चिकटवल्या आहेत, त्यामुळे मी तटस्थ आहे असा दावा करत नाही.

२०२१, २०२२ आणि २०२३ अशी सलग तीन वर्षे आम्ही त्यांच्याकडून हरलो. तिसऱ्या पराभवाच्या महिनाभर आधी असे उघडकीस आले, की मिशिगनचा एक कर्मचारी पुढे गाठ पडणाऱ्या संघांच्या सामन्यांना माणसे पाठवून त्यांच्या प्रशिक्षकांच्या हातखुणा चित्रित करून घेत होता. ऑगस्ट २०२५ मध्ये निकाल लागला. पैशाचा दंड झाला, संघाला चार वर्षे देखरेखीखाली ठेवले आणि काही व्यक्तींवर बंधने आली. पण मोसमाअखेरच्या बाउल सामन्यांची बंदी नाही, जिंकलेला एकही सामना रद्द नाही आणि २०२३ चे राष्ट्रीय विजेतेपदही जागच्या जागी. आमचा संघ मात्र २०१२ साली बाराच्या बारा सामने जिंकूनही घरी बसला, कारण काही खेळाडूंनी आपली पदके आणि अंगरखे देऊन त्या बदल्यात अंगावर गोंदवून घेतले होते. गोंदण्याला बंदी आणि हेरगिरीला नुसती पावती, हा कुठला न्याय?

— एक वाचक, कोलंबस

उत्तर : आपल्या पत्रातील तपशील बरोबर आहेत. एक मात्र आपण गाळला आहे, त्याकडे मी नंतर येतो.

आधी हे मान्य करू, की चौकशी समितीने गुन्हा किरकोळ मानलेला नाही. एनसीएए, म्हणजे महाविद्यालयीन क्रीडास्पर्धांचे नियमन करणारी संघटना, हिच्या समितीने निकालात जे आकडे दिले त्यांवरून प्रकाराची व्याप्ती कळते : १३ प्रतिस्पर्धी संघ, त्यांचे किमान ५२ सामने आणि ५६ वेळा केलेली पाहणी. एखाद्या उत्साही कर्मचाऱ्याने एखाद्या शनिवारी केलेला हा उपद्व्याप नव्हता. मैदानाचा मध्यभाग नीट दिसेल अशा जागांची तिकिटे काढायची, खेळ बाजूला ठेवून समोरच्या कडेला उभ्या असलेल्या प्रशिक्षकांवर मोबाइल रोखायचा आणि त्यांची कोणती खूण झाल्यावर कोणती चाल खेळली गेली, याची जुळणी नंतर करायची, असे ते शिस्तीत चाललेले काम होते. समितीने हे उल्लंघन सर्वांत गंभीर वर्गात टाकले आणि अनेक वर्षांच्या बाउल बंदीसाठी पुरेसा आधार असल्याचेही स्पष्टपणे नोंदवले. एवढे लिहून ती बंदी मात्र घातली नाही. आपला संताप याच जागी आहे आणि तो अनाठायी आहे असे मला वाटत नाही.

बंदी का टळली, याचे कारण जानेवारी २०२२ मध्ये स्वीकारलेल्या संघटनेच्या नव्या घटनेत आहे. ज्यांचा उल्लंघनाशी संबंध नाही अशा खेळाडूंना शक्यतो शिक्षेची झळ पोहोचू नये, असे तत्त्व तिने घालून दिले. मिशिगनचे मुख्य प्रशिक्षक जिम हार्बो जानेवारी २०२४ मध्ये लॉस एंजेलिस चार्जर्स या व्यावसायिक संघाकडे गेले होते आणि ज्याच्यावर सगळा ठपका आला तो कर्मचारी त्याआधीच बाहेर पडला होता. २०२५ मध्ये बंदी घातली असती तर ती भोगायला उरली असती ती बहुतांशी नवी मुले. चोर सोडून संन्याशाला फाशी, असा तो प्रकार झाला असता, हे समितीचे म्हणणे तत्त्वतः खोटे नाही.

अडचण अशी, की या संन्याशाची आठवण संघटनेला उशिरा झाली. आपल्या २०१२ च्या संघातील पहिल्या वर्षाच्या मुलांचा गोंदण्याशी काय संबंध होता? जून २०१० मध्ये लॉस एंजेलिसमधील सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाला दोन वर्षांची बाउल बंदी झाली आणि तीन वर्षांत मिळून ३० शिष्यवृत्त्या गेल्या. मूळ प्रकरण रेजी बुश या खेळाडूचे होते आणि तो तर २००६ पासून व्यावसायिक मैदानावर होता. ती शिक्षा ठोठावणाऱ्या समितीचे अध्यक्ष पूर्वी मायामी विद्यापीठाचे क्रीडा संचालक होते. त्यांनी त्या वेळी असे सुनावले होते, की नामांकित खेळाडू बाळगायचे असतील तर नियमपालनही त्याच तोलाचे हवे. पुढच्याच वर्षी मायामीतील एका धनिक पाठीराख्याने खेळाडूंवर वर्षानुवर्षे पैसा उधळल्याचे उघड झाले, आणि त्यातील बराचसा काळ या संचालकांच्याच कारकिर्दीतला निघाला. मायामीच्या वाट्याला २०१३ मध्ये आली ती ९ शिष्यवृत्त्यांची कपात. दोन मोसमांच्या बाउल सामन्यांवर पाणी त्या विद्यापीठाने आपणहून आधीच सोडले होते. समितीने त्यात बंदीची भर घातली नाही. त्यातच चौकशी करताना संघटनेच्याच माणसांनी आडमार्गाने साक्षी मिळवल्या होत्या आणि त्यामुळे तिचीच मान खाली गेली होती. लॉस एंजेलिसमधील पाठीराख्यांपुढे आजही ‘मायामी’ म्हणून पाहा. जेवण थंड होईपर्यंत ऐकून घ्यावे लागेल.

जेरी टार्कानियन हे बास्केटबॉलचे प्रशिक्षक तर विनोदाने म्हणत, की संघटना केंटकीसारख्या बड्या विद्यापीठावर चिडली की क्लीव्हलँड स्टेटसारख्या लहान विद्यापीठाची शिक्षा वाढवते. लेकी बोले सुने लागे ही आपली म्हण त्यांना ठाऊक असती तर त्यांनी नक्कीच वापरली असती. याच टार्कानियन यांनी संघटनेविरुद्धचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला आणि १९८८ मध्ये न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी संघटनेच्या बाजूने निर्णय दिला : ही सरकारी यंत्रणा नव्हे, खाजगी संस्था आहे. हे तिच्या पथ्यावर पडले, पण त्याची दुसरी बाजूही आहे. सरकारी यंत्रणेप्रमाणे ती कुणाला समन्स धाडून साक्षीला बोलावू शकत नाही. नोकरी सोडून गेलेला माणूस तिच्या हातून निसटतो, चौकशी रेंगाळते, आणि निकाल येतो तोवर शिक्षा करायला समोर योग्य माणूसच नसतो.

आता पैशाच्या दंडाविषयी. ५० हजार डॉलर, फुटबॉलच्या अंदाजपत्रकाच्या दहा टक्के रक्कम, शिष्यवृत्त्यांच्या खर्चाच्या दहा टक्क्यांइतकी रक्कम आणि २०२५ व २०२६ या दोन मोसमांतील बाउल सामन्यांतून अपेक्षित असलेले उत्पन्न, असा हा दंड आहे. तो दोन कोटी डॉलरच्या वर जाईल असा अंदाज वर्तवला गेला. ही रक्कम ‘नुसती पावती’ नव्हे. टेनेसी विद्यापीठाला २०२३ मध्ये, तेही बाउल बंदीविना, ८० लाख डॉलरचा दंड झाला तेव्हा सगळ्यांचे डोळे विस्फारले होते. तरीही माझे मत आपल्या बाजूला झुकते. ज्या मैदानाची आसनक्षमता १ लाख ७ हजार ६०१ आहे आणि जिथे ती भरते, त्या विद्यापीठाला पैसा परत मिळवता येतो. राष्ट्रीय विजेतेपदाची किंमत आधीच ठरली असेल तर ती मोजायला तयार होणारे विद्यापीठ निघणारच. बाउल बंदीचा जो वचक असायचा तो धनादेशाला नाही.

मग बंदीपेक्षाही कठोर शिक्षा हवी का? ती एकदा देऊन झाली आहे. डॅलसमधील सदर्न मेथडिस्ट विद्यापीठ पाठीराख्यांच्या निधीतून खेळाडूंना गुपचूप पगार देत होते आणि आधीच्या शिक्षेनंतरही ते थांबले नाही. फेब्रुवारी १९८७ मध्ये संघटनेने त्याचा त्या वर्षीचा संपूर्ण मोसमच रद्द केला. पुढच्या वर्षी फक्त बाहेरच्या मैदानांवर खेळण्याची परवानगी होती, पण विद्यापीठाने संघच उतरवला नाही. १९८९ पासून २००८ पर्यंत त्या संघाच्या वाट्याला पराभवांहून अधिक विजय केवळ एकाच मोसमात, १९९७ मध्ये, आले. बाउल सामना पुन्हा दिसला तो २००९ मध्ये. १९८७ मध्ये प्राथमिक शाळेतही न गेलेली मुले तोवर महाविद्यालयातून बाहेर पडली होती. फुटबॉलमध्ये ही शिक्षा त्यानंतर कुणालाही झालेली नाही.

सामने रद्द करण्याची मागणी मला पटत नाही. पेन स्टेट विद्यापीठाचे १९९८ ते २०११ या काळातील विजय २०१२ मध्ये पुसले गेले आणि जानेवारी २०१५ मध्ये परत लिहिले गेले. वर्षातील सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूला मिळणाऱ्या ज्या हाइसमन करंडकावरचा हक्क रेजी बुशने २०१० मध्ये सोडला होता, तो त्याला २०२४ मध्ये पुन्हा मिळाला. नोंदवहीत खाडाखोड झाली, म्हणून मैदानावर जे पाहिले ते कुणी विसरले का? २०२३ चा निकाल ३०-२४ होता. तो रद्द ठरवला तरी ती दुपार आपल्याला परत मिळणार नाही.

आता तो गाळलेला तपशील. गोंदण्याचे प्रकरण डिसेंबर २०१० मध्ये बाहेर आले, तेव्हा आपल्या पाच खेळाडूंवर पुढील मोसमातील पाच सामन्यांची बंदी आली, पण जानेवारी २०११ मधील शुगर बाउल खेळण्याची मुभा त्यांना मिळाली. त्या आठवड्यात देशभरातील इतर संघांचे पाठीराखे जे बोलत होते, ते आज आपण लिहिलेल्या पत्राहून फारसे वेगळे नव्हते. शिवाय २०१२ ची बंदी गोंदण्यासाठी आली असे म्हणणे अपुरे आहे. प्रशिक्षक जिम ट्रेसेल यांना हा प्रकार एप्रिल २०१० पासून ठाऊक होता आणि त्यांनी तो दडवून ठेवला, हे त्यात सर्वांत महागात पडले. आणखी एक गोष्ट आपल्याला माझ्याहून जास्त बोचत असणार. २०११ चा आपला साधारण संघ सहा विजय आणि सहा पराभव घेऊन गेटर बाउल खेळायला गेला आणि हरला. त्याच वर्षी विद्यापीठाने आपणहून बाउलवर पाणी सोडले असते, तर कदाचित २०१२ चा अपराजित संघ घरी बसला नसता. तो हिशेब चुकला तो कोलंबसमध्ये, मिशिगन विद्यापीठाच्या ॲन आर्बरमध्ये नव्हे.

प्रश्न : हार्बो यांच्यावर दहा वर्षांची बंधने आली असे वाचले, पण ते दर रविवारी व्यावसायिक संघाच्या कडेला उभे दिसतात. हे कसे?

— एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : संघटनेचा अधिकार महाविद्यालयांपुरता आहे, व्यावसायिक संघांवर तिचा अंमल चालत नाही. अशा आदेशाचा अर्थ एवढाच, की त्या मुदतीत ज्या महाविद्यालयाला त्यांना नेमायचे असेल त्याने त्यांच्यावरची बंधने पाळावीत, नाही तर आपल्याला शिक्षा का होऊ नये याचे कारण दाखवावे. हार्बो यांच्यावर खेळाडूंच्या भरतीसंबंधीच्या वेगळ्या प्रकरणातील चार वर्षांचा आदेश आधीपासून आहे आणि तो ऑगस्ट २०२८ मध्ये संपतो. त्याला लागून दहा वर्षांचा नवा आदेश सुरू होईल. ते १९६३ चे जन्मलेले आहेत, म्हणजे मुदत संपेल तेव्हा पंचाहत्तरीला येतील.

प्रश्न : माझा मुलगा मिशिगनमध्ये शिकतो. खुणा ओळखण्याचा प्रयत्न सगळेच संघ करतात, मग एकट्या मिशिगनलाच चोर का ठरवले जाते?

— एक वाचक, ॲन आर्बर

उत्तर : सामना चालू असताना समोरच्याच्या खुणा उलगडणे नियमबाह्य नाही. दूरचित्रवाणीवरील चित्रण पाहून त्या उलगडणेही चालते. मनाई आहे ती पुढे गाठ पडणाऱ्या संघाच्या सामन्याला त्याच मोसमात माणूस पाठवून पाहणी करण्याची. हा नियम १९९४ पासून आहे, आणि गंमत अशी, की तो हेरगिरी थांबवण्यासाठी आलेला नव्हता. माणसे पाठवण्याचा प्रवासखर्च सर्वच विद्यापीठांना परवडत नव्हता, म्हणून तो आला. कागदोपत्री ही काटकसर होती, असे आपले चिरंजीव म्हणू शकतील. पण इतरांनी ती काटकसर पाळली आणि एकाने पाळली नाही, म्हणूनच त्या एकाचा फायदा झाला. शिवाय चौकशी सुरू झाल्यावर एका प्रशिक्षकाने त्या कर्मचाऱ्याशी झालेले ५२ संदेश पुसून टाकले. हे प्रशिक्षक पुढे मिशिगनचेच मुख्य प्रशिक्षक झाले. तो भाग ‘सगळेच करतात’ यात बसत नाही.

बाकी, हातखुणांची गरजच आता बरीचशी सरली आहे. व्यावसायिक फुटबॉलमध्ये १९९४ पासून असलेली सोय महाविद्यालयांच्या वरच्या विभागाला २०२४ च्या मोसमापासून मिळाली आणि प्रशिक्षक आता एका खेळाडूच्या शिरस्त्राणातील ध्वनियंत्रावरून त्याच्या थेट कानात चाल सांगतात. चाल सुरू करण्याच्या घड्याळावर पंधरा सेकंद उरले की ते बंद होते. ही सोय तीन वर्षे आधी आली असती, तर ती ५२ सामन्यांची तिकिटे काढण्यात काही अर्थच उरला नसता.