वाचक विचारतात : कुलूपबंद घराचं काय करायचं?

प्रश्न : मी तृतीय वर्ष कला शाखेत समाजशास्त्र घेतलंय. प्रकल्पाचा विषय आमच्या गावातून मुंबईला होणारं स्थलांतर. 30 घरं निवडली, पण त्यातल्या 9 घरांना कुलूप आहे. त्यांच्याऐवजी शेजारची घरं घेतली तर चालेल का? (एक विद्यार्थिनी, राजापूर तालुका)

उत्तर : नाही चालणार. तुमचा विषयच त्या कुलपामागे आहे. अख्खं बिऱ्हाड मुंबईला गेलं म्हणून दार बंद; नुसत्या उघड्या दारांत विचारत फिरलात तर स्थलांतर आहे त्याहून कमी दिसेल. ही 9 घरं 'बंद' म्हणूनच नोंदवा आणि भावकीत तीन गोष्टी विचारा : घर कधीपासून बंद, माणसं कुठे, गणपतीला नि शिमग्याला कोण येतं. माहिती ऐकीव, म्हणून तक्त्यात तिचा रकाना वेगळा ठेवा.

निवड कुठल्या यादीवरून केलीत ते लिहिलेलं नाही. मतदार यादी असेल तर बदला. ती माणसांची यादी, घरांची नव्हे. ग्रामपंचायतीची घरपट्टीची यादी, म्हणजे नमुना 8, घ्या. 180 घरांतून 30 हवी तर दर सहावं घर, आणि सुरुवात 1 ते 6 मधली चिठ्ठी उचलून. यादी वाडीवार लावलेली असली की प्रत्येक वाडीला तिचा वाटा आपोआप मिळतो. हे महत्त्वाचं, कारण आपल्याकडे बऱ्याच गावांत वाडी आणि जात एकच असते. एसटीच्या थांब्याजवळची वाडी तेवढी गाठून 30 चा आकडा भरलात, तर तो अहवाल गावाचा राहत नाही.

घर एक पण चुली दोन असतील तर दोन कुटुंबं धरा. जनगणनाही एका स्वयंपाकघरात जेवणाऱ्यांचं एक कुटुंब मानते.

आता प्रश्न कसा विचारायचा. 'तुमच्या घरातलं कोणी मुंबईला आहे का?' असं विचारलंत की म्हातारी सरळ 'नाय' म्हणते. खोटं बोलत नाही ती. विरारला बिऱ्हाड केलेला मुलगा तिच्या हिशेबी 'वेगळा' झालेला असतो. म्हणून तुकडे करा : मुलगे किती, मुली किती, आज कोण कुठे राहतं, गेल्या वर्षभरात कोणी पैसे पाठवले. रकमेचा प्रश्न शेवटी. आधी 5 घरांत चाचणी घेऊन मगच छापा. उत्तरं तुम्ही स्वतः भरताय, म्हणजे ही मुलाखत अनुसूची. प्रश्नावली उत्तर देणारा स्वतः भरतो. तोंडी परीक्षेत हे हमखास विचारतात.

गणपतीच्या आठवड्यात मात्र जाऊ नका, चाकरमान्यांनी गाव भरलेलं असतं. आणि 30 घरांत टक्केवारी कशाला? एक घर इकडचं तिकडे झालं की 3.3 टक्के हलतात. '30 पैकी 11' असं लिहा.

प्रश्न : 2011 च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे 1,122 स्त्रिया. यावरून 'कोकणात स्त्रीला मान आहे' असं लिहिलं तर गुण कापले. का? (द्वितीय वर्ष, चिपळूण)

उत्तर : आकडा बरोबर, निष्कर्ष घसरला. कामासाठी मुंबई-ठाण्यात राहणारा पुरुष तिथेच मोजला जातो. मागे उरतात बायका आणि म्हातारी माणसं. सिंधुदुर्गातही 1,036 आहेत. 2001 ते 2011 मध्ये दोन्ही जिल्ह्यांची एकूण लोकसंख्याही घटली, हे त्याच्या शेजारी मांडून बघा. मुलगी हवी की नको हे पाहायचं तर 0 ते 6 वयोगट घ्या, कारण ती पोरं नोकरीला जात नाहीत. तिथे दोन्ही जिल्हे हजाराच्या खाली आहेत.

प्रश्न : समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये मालवणचे. उत्तरात लिहावं का? (प्रथम वर्ष, मालवण)

उत्तर : अभिमान ठीक, गुण शून्य. ती ओळ घुर्यांनी सांगितलेल्या जातीच्या सहा वैशिष्ट्यांना द्या : समाजाचं खंडात्मक विभाजन, श्रेणीरचना, खाणंपिणं व सामाजिक व्यवहारांवरचे निर्बंध, नागरी-धार्मिक विशेषाधिकार व अपात्रता (काही जातींना खास हक्क, काहींना मज्जाव), व्यवसाय निवडण्याच्या स्वातंत्र्याचा अभाव आणि विवाहावरची बंधनं. बहुतेकांचा चौथा मुद्दा सुटतो. तिथे सार्वजनिक विहिरीचं एक उदाहरण घाला.