शीतपेयाच्या बाटलीतलं ॲसिड

प्रश्न : संडास धुवायचं सुटं ॲसिड आम्ही दारावर घेतो आणि शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत ठेवतो. नातवानं चुकून घोट घेतलाच, तर मीठ-पाणी पाजून उलटी काढावी का?

उत्तर : मुळीच नाही, आजी. खाली जाताना भाजलेली अन्ननलिका उलटीमुळे पुन्हा भाजते, आणि ते श्वासनलिकेत गेलं तर फुप्फुसांनाही इजा होते. उतारा म्हणून खाण्याचा सोडाही नको, त्या क्रियेत वायू तयार होऊन पोट फुगतं. ॲसिड लागलेले कपडे काढा, तोंड आणि अंग पाण्यानं धुवा, १०८ ला फोन करा, बाटली सोबत न्या.

पण ती वेळ येऊच नये. अमेरिकेत लाय (कॉस्टिक सोड्यासारखा तीव्र क्षार) गिळून अन्ननलिका आवळलेली मुलं पाहून डॉ. शेव्हालिए जॅक्सन यांनी अनेक वर्षं पाठपुरावा केला. १९२७ मध्ये अशा दाहक पदार्थांच्या वेष्टनावर ‘विष’ असं छापणं तिथं सक्तीचं झालं. आपण ते शीतपेयाच्या बाटलीत ओततो तेव्हा ती सूचनाच पुसून टाकतो. शिवाय वाचता न येणाऱ्या मुलाला ओळखीचा असतो तो बाटलीचा आकार. कृपा करून ती बाटली आजच घरातून काढा.

प्रश्न : दोन वर्षांच्या मुलीनं मोरीची तुंबलेली नळी मोकळी करायची पूड तोंडात घातली. लाळ गळतेय, पण तोंडात जखम नाही. डॉक्टर एंडोस्कोपी (नळीच्या दुर्बिणीनं अन्ननलिका आतून पाहणं) सांगतात. करावी का?

उत्तर : करा, आजच. अशा पुडीत बहुधा कॉस्टिक सोडा असतो. तो पेशी विरघळवत खोल उतरतो. तोंड स्वच्छ दिसलं तरी अन्ननलिका भाजलेली असू शकते, आणि लाळ गळणं हे त्याचंच लक्षण असू शकतं. तपासणी शक्यतो २४ तासांच्या आत व्हावी. ती भूल देऊन करतात, त्यामुळे मुलीला कळणारही नाही. तोवर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही भरवू नका.

प्रश्न : महिन्यापूर्वी असंच झालं होतं, मुलगा बरा झाला. आता पोळीचा घास अडकतो. लाड समजायचे का?

उत्तर : नाही. जखम भरताना व्रण आकसतो आणि नलिका अरुंद होते. हा त्रास साधारण तिसऱ्या आठवड्यापासून पुढे दिसू लागतो. बालशल्यचिकित्सकांना दाखवा. नलिका हळूहळू रुंद करता येते, मात्र त्यासाठी अनेकदा जावं लागतं. मधेच सोडू नका.

प्रश्न : रिमोटमधली चपटी गोल सेल गिळली तर शौचावाटे पडेल, थांबू का?

उत्तर : थांबू नका. ती अन्ननलिकेत अडकली तर विद्युतप्रवाहामुळे तिथं तीव्र अल्कली (क्षार) तयार होते आणि दोन तासांतही गंभीर इजा होऊ शकते. तडक रुग्णालयात नेऊन एक्स-रे काढा.