वाचकांचे प्रश्न : लेपर्ड गेकोची मऊ पडणारी हाडं

प्रश्न : आमचा लेपर्ड गेको (पालीच्या कुळातला पाळीव प्राणी) सात महिन्यांचा आहे. हल्ली तो पोट घासत चालतो, समोरचा किडा पकडतानाही नेम चुकतो. शेपटी मात्र चांगली जाड आहे. आळशी झालाय की आजारी आहे? (मानेवाडा, नागपूर)

उत्तर : आजारी समजा आणि याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. शेपटीत चरबी साठते, कॅल्शियम नाही. नुसत्या मीलवर्म अळ्यांवर गुबगुबीत झालेल्या पिल्लाची हाडं आतून मऊ पडलेली असू शकतात, कारण वाढ जितकी झपाट्याने, तितकी कॅल्शियमची गरज मोठी.

तुम्ही सांगता ती लक्षणं मेटाबोलिक बोन डिसीजची, म्हणजे कॅल्शियमअभावी हाडं मऊ पडण्याच्या आजाराची आहेत. किड्यांमध्ये फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम अगदी कमी असतं. गेकोला कॅल्शियम फॉस्फरसच्या साधारण दुप्पट लागतं, मीलवर्म किंवा क्रिकेटमध्ये (रातकिड्यांमध्ये) हे गणित उलटं असतं. रक्तातलं कॅल्शियम घसरलं की पॅराथायरॉइड ग्रंथीचं संप्रेरक ते हाडांतून ओढून घेतं आणि रिकाम्या जागी तंतुमय ऊतक भरतं. म्हणून जबडा सुजल्यासारखा दिसतो आणि पाय धनुष्यासारखे वाकतात.

निरोगी गेको चालताना पोट जमिनीपासून उचलून धरतो. त्याला सपाट टॉवेलवर सोडा आणि बाजूने मोबाइलवर व्हिडिओ घ्या. पोट सतत टेकतंय का, कोपरं बाहेर फाकतात का, पंजा टाकताना मनगट दुमडतं का, एवढं पाहा. डॉक्टरांनाही हाच व्हिडिओ दाखवा, टेबलावर घाबरलेला गेको नीट चालत नाही. मग चेहरा समोरून पाहा. खालचा जबडा दोन्ही बाजूंनी फुगलेला आहे का? तोंड पूर्ण मिटतं का? बोटाने दाबून पाहू नका, मऊ जबडा तेवढ्यानेही मोडतो. शेपटीत किंवा पाठीत नवी वाकडी गाठ, बसल्या जागी बोटांची थरथर, अंगाला पीळ पडणं, शी अडकणं ही पुढची लक्षणं आहेत. थरथर किंवा झटके दिसले तर तो दिवस वाट पाहण्याचा नाही.

दोन गोष्टींनी फसगत होते. शिकारीवर झडप घालण्याआधी शेपटीचं टोक थरथरणं अगदी नॉर्मल आहे. आणि एनिग्मा नावाच्या मॉर्फमध्ये (रंग-नक्षीसाठी पैदास केलेल्या प्रकारात) मान वाकडी करणं, गोल गोल फिरणं हा जन्मजात मज्जासंस्थेचा दोष असतो. त्यावर कॅल्शियमचा उपयोग नाही.

डॉक्टरकडे जाईपर्यंत टाकीतले दगड आणि चढायच्या फांद्या काढून टाका, खाली टिश्यू पेपर अंथरा. उचलताना चारही पाय आणि पोट तळहातावर येऊ द्या, शेपटी किंवा एक पाय धरून कधीच नाही. नागपुरात सेमिनरी हिल्सवर पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे; तिथे किंवा कुठेही जाण्यापूर्वी फोन करून सरपटणारे प्राणी पाहणारे डॉक्टर कधी असतात ते विचारा. एक्स-रे मागा. मात्र हाड बरंच झिजल्यावरच त्यात फिकटपणा दिसतो, आणि रक्तातलं कॅल्शियम तर हाडांच्या जिवावर नॉर्मलही येऊ शकतं. तेव्हा रिपोर्ट ठीक आला तरी चाल बिघडलेली असेल तर विषय सोडू नका.

प्रश्न : टाकीत कॅल्शियमची वाटी कायम भरलेली असते. तरी डॉक्टर म्हणतात कॅल्शियम कमी आहे. असं कसं? (प्रतापनगर)

उत्तर : वाटीत असणं वेगळं, पोटात जाणं वेगळं. काही गेको वाटी चाटतात, काही ढुंकूनही पाहत नाहीत. तुमचा भरवसा किड्यांवरच्या पावडरीवर हवा.

झाकणाच्या डब्यात एका वेळेचे किडे आणि पाव चमच्यापेक्षा कमी शुद्ध कॅल्शियम कार्बोनेट टाका, हलकेच फिरवा. किडे पिठूळ दिसले की पुरे, पांढरे गोळे व्हायला नकोत. लगेच खायला द्या. क्रिकेट स्वतःला साफ करतात आणि काही वेळातच पावडर गळून जाते. रात्रभर टाकीत सोडलेल्या क्रिकेटवर सकाळी काहीच उरत नाही. बहुतेक घरांत चूक नेमकी इथेच होते.

दुसरी गोष्ट डी ३. हे जीवनसत्त्व नसेल तर आतड्यातून कॅल्शियम नीट शोषलं जात नाही. यूव्हीबी (अतिनील किरणांचा) दिवा नसेल तर आठवड्यातून दोनदा डी ३ असलेलं कॅल्शियम, बाकीच्या वेळी साधं. दिवा असेल तर त्या किरणांनी अंगातच डी ३ तयार होतं, म्हणून वरून बरंच कमी लागतं. दिव्याची ट्यूब वर्षाने बदला, कारण उजेड तसाच राहतो पण यूव्हीबी घटतं. खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हात यूव्हीबी जवळजवळ नसतंच. आणि त्यासाठी टाकी नागपूरच्या मे महिन्यातल्या उन्हात नेऊन ठेवू नका, काचेच्या आत काही मिनिटांत जीव जाईल.

किड्यांनाही खाऊ घाला. गेकोला देण्याआधीचा एक दिवस त्यांना शेवग्याचा पाला आणि गाजर द्या. पालक नको, त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियमला बांधून ठेवतं. मीलवर्मच्या जोडीला दुबिया झुरळं मिळाली तर आहार लगेच सुधारतो.

प्रश्न : घरात माणसांच्या कॅल्शियमच्या गोळ्या आणि डी ३ ची ६०,००० युनिटची पुडी आहे. त्यातलं थोडं देऊ का? (सदर)

उत्तर : पुडी अजिबात नको. प्रौढ गेकोचं वजन साधारण ५० ते ८० ग्रॅम. इतकं डी ३ त्याच्यासाठी प्रचंड आहे. ते शरीरात साठून राहतं आणि कॅल्शियम हाडांऐवजी मूत्रपिंडात, रक्तवाहिन्यांत जमा होतं. गोळ्यांतही कधी डी ३, कधी फॉस्फेट मिसळलेलं असतं. जनावरांच्या काही सिरपमध्ये फॉस्फरस असतो, म्हणजे आगीत तेल. पक्ष्यांच्या दुकानातला समुद्रफेस (कटलफिशचं हाड) मैद्यासारखा बारीक दळून वापरता येतो, तो मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटच आहे. कॅल्शियमचं इंजेक्शन फक्त डॉक्टरांच्या हातून; चुकीच्या वेगाने दिलं तर हृदय थांबू शकतं.

प्रश्न : उपचारानंतर वाकलेले पाय सरळ होतात का? (वर्धमाननगर)

उत्तर : सहसा नाही. हाड पुन्हा टणक होतं, पण ज्या आकारात वाकलंय त्याच आकारात. ताकद काही आठवड्यांत परत येऊ लागते, हाडं भरायला महिने लागतात. जबड्यात बळ येईपर्यंत मऊ, कात टाकलेले पांढरे मीलवर्म द्या आणि दर आठवड्याला किचनच्या डिजिटल काट्यावर वजन करा.

प्रश्न : थंडीत आमचा गेको खाणं कमी करतो. तेव्हाही पावडर लागते? (धरमपेठ)

उत्तर : पावडर लागतेच, पण आधी ऊब. पचन आणि शोषण दोन्ही उबेवर चालतात. टाकीच्या उबदार बाजूची जमीन ३१ ते ३३ अंश आणि दुसरं टोक २५ च्या आसपास ठेवा. नागपूरच्या डिसेंबर-जानेवारीच्या रात्री हीटिंग मॅट थर्मोस्टॅटशिवाय (तापमान आपोआप आवरणाऱ्या उपकरणाशिवाय) लावली तर पोट भाजतं, आणि लावलीच नाही तर कॅल्शियम आतड्यातच पडून राहतं. अंडी घालणारी मादी असेल तर तिचं खाणं कमी झालेलं चालवून घेऊ नका. नर नसला तरी ती दोन-दोन अंड्यांचे घाणे घालू शकते, आणि त्यांचं कॅल्शियम तिच्या हाडांतूनच जातं.