दोन लाख टोकन दिलं की एमबीबीएसची सीट मिळते का?

पत्र : माझी मुलगी यंदा बारावी झाली. नीटचे गुण शासकीय महाविद्यालयाला पुरतील असं वाटत नाही. चार दिवसांपूर्वी पुण्याहून एका 'अ‍ॅडमिशन कन्सल्टंट'चा फोन आला. मुलीचं नाव, गुण, कॅटेगरी सगळं त्याला ठाऊक होतं. खासगी कॉलेजात मॅनेजमेंट कोट्यातून सीट करून देतो, आजच दोन लाख टोकन भरा, काम झालं नाही तर पैसे परत, हमी म्हणून चेक देतो, असं तो म्हणतो. मूळ मार्कशीट आणि प्रवेश नोंदणीच्या लॉगिनचा पासवर्डही मागतो आहे. काय करावं?
– एक पालक, लातूर जिल्हा

उत्तर : पैसे भरू नका आणि मूळ मार्कशीट घराबाहेर जाऊ देऊ नका. पासवर्ड दिला असेल तर आधी तो बदला, मग पुढचं वाचा.

त्याला मुलीची एवढी माहिती आहे म्हणजे त्याची आतपर्यंत ओळख असणार, असं तुम्हाला वाटलं असेल. तसं नसतं. फॉर्म नेट कॅफेत भरला जातो, क्लासमध्ये गुणांच्या याद्या लागतात, करिअर सेमिनारच्या दारात रजिस्टरमध्ये नाव-नंबर लिहून घेतात. अशा याद्या हातोहात फिरतात आणि निकाल लागला की त्यांवरून फोन सुरू होतात.

आता मॅनेजमेंट कोट्याचं. महाराष्ट्रातल्या खासगी वैद्यकीय महाविद्यालयांत १५ टक्के जागा संस्थात्मक (म्हणजेच मॅनेजमेंट) आणि एनआरआय कोट्याच्या असतात हे खरं. पण त्या जागाही राज्याच्या सीईटी सेलमार्फत (सामायिक प्रवेश परीक्षा कक्ष), नीटच्या गुणवत्तेनेच भरल्या जातात. अभिमत (डीम्ड) विद्यापीठांच्या जागा केंद्राच्या एमसीसीकडे, म्हणजे वैद्यकीय समुपदेशन समितीकडे आहेत. 'कर्नाटकात बघू' असं तो म्हणाला, तर तिथली प्रक्रिया केईए, म्हणजे कर्नाटक परीक्षा प्राधिकरण चालवतं. या यंत्रणांच्या निवड याद्यांत नाव नसताना कॉलेजने दिलेला प्रवेश प्रवेश नियामक प्राधिकरणापुढे टिकत नाही. मुलगी वर्गात बसेल, फी भराल, आणि मान्यतेच्या वेळी नावच नसेल.

'काम झालं नाही तर पैसे परत' यावर पालक सर्वांत जास्त भुलतात, म्हणून त्यामागचा हिशेब समजून घ्या. समजा, एजंटने ५० पालकांकडून दोन-दोन लाख घेतले. एक कोटी जमले. तो कुठेही जात नाही, कुणाला भेटत नाही. त्या ५० मधल्या सहा मुलांना त्यांच्या स्वतःच्या गुणांवर कुठेतरी सीट लागतेच. त्यांचे बारा लाख तो हक्काने ठेवतो, आणि तेच पालक पुढच्या वर्षी गावात त्याचं नाव सांगतात. उरलेल्यांपैकी जे जोरात भांडतात त्यांना थोडे परत देतो, बाकीच्यांना 'स्ट्रे राउंडपर्यंत (उरलेल्या जागांच्या शेवटच्या फेरीपर्यंत) थांबा' म्हणतो. तोवर फोन बंद.

चेकची हमीही पोकळ आहे. चेक त्यावरच्या तारखेपासून तीन महिनेच चालतो, आणि 'आता टाकू नका, पुढच्या राउंडला होतंय' असं म्हणत ते तीन महिने सहज निघून जातात. बाउन्स झालाच, तर बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते. वर कोर्टात पहिला प्रश्न येतो तो पैसे कशासाठी दिले होते हा. याच अडचणीमुळे पालक गप्प बसतात आणि एजंटला ते पक्कं माहीत असतं.

दोन लाख हा आकडाही त्याने उगाच निवडलेला नाही. एमसीसीकडे अभिमत विद्यापीठांसाठी नोंदणी करताना दोन लाख रुपयांची परत मिळणारी अनामत खरोखर भरावी लागते. त्यामुळे चौकशी केली तरी 'हो, दोन लाख लागतात' असं उत्तर मिळतं आणि पालकाचा विश्वास बसतो. फरक असा की खरी अनामत एमसीसीच्या संकेतस्थळावरच भरायची असते, आणि ज्या खात्यातून भरली त्याच खात्यात ती परत येते. म्हणून 'माझ्या कार्डवरून भरतो, मला रोख द्या' हेही ऐकू नका, नाहीतर तुमची अनामत त्याच्या खात्यात जमा होईल.

संकेतस्थळ ओळखताना 'शेवटी गव्ह डॉट इन आहे का' एवढंच पाहून चालत नाही. एमसीसीचा पत्ता एमसीसी डॉट एनआयसी डॉट इन आहे, पण आपल्या सीईटी सेलचा सीईटीसेल डॉट महासीईटी डॉट ओआरजी. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या लिंकवरून जाऊ नका, पत्ता स्वतः टाइप करा.

लॉगिनमध्ये नोंदवलेला मोबाइल नंबर आणि ई-मेल कुणाचा आहे, हे आजच तपासा. कॅफेवाल्याचा किंवा एजंटचा नंबर असेल तर ओटीपी त्याच्याकडे जातो. मग तो कॉलेजांचा पसंतीक्रम बदलून लॉक करू शकतो आणि तुम्हाला ते यादी लागल्यावरच कळतं. मूळ मार्कशीट, शाळा सोडल्याचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र यांचंही तसंच. एजंटच्या कपाटात गेले की सोडवायला पुन्हा पैसे मोजावे लागतात.

पैसे आधीच ऑनलाइन गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा आणि बँकेला कळवा; समोरच्या खात्यातून रक्कम पुढे जाण्याआधी ती गोठवता येते, म्हणून इथे एकेक तास मोलाचा आहे. चॅटचे स्क्रीनशॉट, यूपीआय आयडी, व्यवहार क्रमांक जपून ठेवा आणि पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या. लाजेपोटी थांबू नका.

आणि मुलीच्या वाटेचं. बीएएमएस, बीएचएमएस आणि फिजिओथेरपीचे प्रवेशही नीटवरच सीईटी सेल करतं. बीएस्सी नर्सिंगची सीईटी वेगळी. पसंतीक्रम तिने स्वतः भरावा. वर अवघड कॉलेज टाकलं म्हणून खालची संधी जात नाही, तेव्हा खऱ्या इच्छेच्या क्रमानेच भरा. मात्र त्याआधी कागदावर प्रत्येक खासगी कॉलेजसमोर शुल्क नियामक प्राधिकरणाने ठरवलेली फी लिहून काढा आणि जी झेपणार नाही ते नाव यादीतून काढून टाका. पुढच्या फेरीत तिथेच सीट लागली आणि घेतली नाही, तर अनामत बुडते. ठरलेल्या फीच्या वर कॉलेजने रोख मागितली, तर ती कॅपिटेशन फी होते आणि १९८७ च्या कायद्याने तिला महाराष्ट्रात बंदी आहे. पावती नसलेला एकही रुपया देऊ नका.